धोका सांगायचा तर खरा सांगा

डिसेंबर २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या एका तपासणी केंद्रात एक गुलाबी गोळी आली. तिच्यावर सुपरमॅनचं चिन्ह होतं आणि बाजारात ती एक्स्टसी म्हणून विकली जात होती. एक्स्टसीत एमडीएमए नावाचं रसायन असतं. या गोळीत होतं पीएमएमए, तेही १७० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे जीव घेण्याइतकं. पीएमएमएची खोड अशी की ते चढायला वेळ लावतं. घेणाऱ्याला वाटतं गोळी फुसकी निघाली, म्हणून तो दुसरी घेतो. मग दोन्हींचा असर एकदम सुरू होतो, अंग भराभर तापतं आणि एकेक अवयव काम सोडत जातो.

डच यंत्रणेने लगेच रेड अलर्ट काढला. टीव्हीवर आणि वर्तमानपत्रांत गोळीचा फोटो आला. ही गोळी घेऊ नका, जवळ असेल तर टाकून द्या, एवढाच निरोप. तिथे या गोळीने कुणी दगावल्याची नोंद नाही. समुद्रापलीकडे ब्रिटनमध्ये मात्र ख्रिसमस ते नववर्षाच्या त्याच दिवसांत चार जण गेले. तिथल्या पोलिसांनी लोकांना सावध केलं ते मृत्यू व्हायला लागल्यावर.

एवढ्यावरून इशाऱ्यामुळेच डच तरुण वाचले असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. कुठे किती गोळ्या पोचल्या होत्या याचा हिशेब कुणाकडेच नसतो. तरीही ही घटना मला महत्त्वाची वाटते, कारण तिच्यातून एक प्रश्न समोर येतो. पार्टीला निघालेला वीस वर्षांचा मुलगा सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेचं ऐकतो, हे घडतं कसं?

उत्तर त्या संस्थेच्या रोजच्या कामात आहे. ‘डिम्स’ ही तपासणी व्यवस्था नेदरलँड्समध्ये १९९२ पासून चालू आहे. उट्रेख्तची ट्रिम्बोस संस्था ती सांभाळते. माणूस गोळी घेऊन येतो, नमुना प्रयोगशाळेत जातो आणि निकाल देताना तिथला कर्मचारी त्याच्याशी बोलतो. किती घेतोस, कशासोबत घेतोस, आधीपासून कुठली औषधं चालू आहेत? वर्षाला असे हजारो नमुने येतात. ‘ही गोळी सुरक्षित आहे’ असं कधीच सांगत नाहीत. यात अमुक रसायन आहे, इतकं आहे, त्याने असा असा त्रास होऊ शकतो, एवढंच सांगतात. आरडाओरडा नसतो. त्यामुळे ज्या दिवशी ही मंडळी ओरडतात, त्या दिवशी ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

या सगळ्या विचाराला हार्म रिडक्शन म्हणतात. मराठीत हानी कमी करणं म्हणूया. व्यसन सुटेल तेव्हा सुटेल, तोवर माणूस जिवंत राहावा, त्याला एचआयव्ही किंवा कावीळ होऊ नये, हा त्याचा गाभा. आपल्याकडे ही कल्पना मणिपूरने फार आधी उचलली, कारण १९९० च्या सुमाराला तिथे सुई टोचून हेरॉइन घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही वणव्यासारखा पसरला होता. मुंबईत संकल्प ही संस्था वर्षानुवर्षं रस्त्यावरच्या गर्द (ब्राउन शुगर) घेणाऱ्यांमध्ये हेच काम करते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून नव्या सुया आणि हेरॉइनऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिन या औषधाची गोळी दिली जाते. सुया आणि गोळ्या डोळ्यांना दिसतात. या कामातलं तिसरं साधन दिसत नाही, पण त्याच्याशिवाय पहिली दोन चालत नाहीत. ते म्हणजे धोक्याबद्दल खरं बोलणं, जितकं माहीत आहे तितकं, आणि वाढवून किंवा कमी करून न सांगता.

वाढवून सांगितलं की काय होतं याचं एक उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. सप्टेंबर २००२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जॉर्ज रिकॉर्ट यांच्या गटाचा निबंध छापून आला. पार्टीत एका रात्री माणूस घेतो तशा बेताने त्यांनी माकडांना आणि बबूनांना काही तासांच्या अंतराने एमडीएमएचे तीन डोस टोचले होते. प्राण्यांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशींची मोठी हानी झाली आणि दहापैकी दोन प्राणी मेले. एका रात्रीच्या नशेने कंपवाताच्या दिशेने नेणारी इजा होऊ शकते, असा त्यातून अर्थ निघाला आणि बातमी जगभर गेली. काही संशोधकांनी तेव्हाच साधा हिशेब विचारला होता. नेहमीच्या डोसने पाचांतला एक दगावत असेल, तर दर शनिवारी रात्री शहरोशहरी माणसं मरायला हवीत. ती कुठे मरताहेत?

पुढे त्याच गटाला तोच प्रयोग पुन्हा जमेना. डोस कमी-जास्त करून पाहिला, तोंडावाटे दिला, ती इजा काही दिसेना. मग त्यांनी मागे जाऊन बाटल्या तपासल्या. एकाच दिवशी दोन बाटल्या आल्या होत्या, एक एमडीएमएची आणि एक मेथॅम्फेटामिन या दुसऱ्याच उत्तेजक नशेची, आणि त्यांच्या लेबलांची अदलाबदल झाली होती. मेलेल्या दोन प्राण्यांचे मेंदू गोठवून ठेवलेले होते. ते तपासले तेव्हा त्यांत मेथॅम्फेटामिन निघालं, एमडीएमएचा मागमूसही नव्हता. सप्टेंबर २००३ मध्ये निबंध मागे घेतला गेला. गटाने स्वतःच शोध लावून तो मागे घेतला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

म्हणून एमडीएमए निरुपद्रवी ठरतं का? मुळीच नाही. त्याने अंग तापून मृत्यू होतात, रक्तातलं सोडियम घसरून मृत्यू होतात, हृदयावर ताण येतो. हे धोके निबंधाच्या आधीही खरे होते आणि नंतरही खरेच राहिले. पण ते ज्यांना सांगायचे त्यांच्या मनात एवढंच उरलं की ‘हे लोक वाटेल ते सांगतात’.

शाळांमधल्या प्रचाराचा इतिहासही फारसा वेगळा नाही. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि शाळांनी मिळून ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन ‘नाही म्हणा’ शिकवायचा. पालकांना आवडला, पोलिसांना आवडला, देशभर पसरला. १९९४ मध्ये त्याच्या अनेक मूल्यमापनांचा एकत्र अभ्यास झाला तेव्हा दिसलं की मुलांच्या प्रत्यक्ष व्यसनावर त्याचा परिणाम नगण्य आहे. १९९८ ते २००४ या काळात अमेरिकी सरकारने गांजाविरोधी जाहिरातींवर जवळपास १०० कोटी डॉलर खर्च केले. सरकारनेच करवून घेतलेल्या मूल्यमापनात वापर घटल्याचं दिसलं नाही. उलट काही टप्प्यांत, जाहिराती जास्त पाहिलेल्या मुलांचा कल गांजाकडे किंचित वाढलेला दिसला. संशोधकांचा एक अंदाज असा होता की एवढ्या जाहिराती पाहून मुलांनी उलटाच अर्थ काढला, की सगळेच घेत असणार, एरवी एवढा गाजावाजा कशाला?

आपल्याकडे २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, शाळांच्या फेऱ्या निघतात. फलकांवर कवटी, सिरिंज, सांगाडा. ‘एक झुरका म्हणजे मृत्यूला आमंत्रण’ अशी घोषणा देणाऱ्या मुलाच्या घरी कदाचित एक मामा असतो, दहा वर्षं गांजा ओढणारा, रोज कामावर जाणारा आणि लग्नकार्यात सगळ्यांत पुढे नाचणारा. घोषणा आणि मामा यांत मूल कुणावर विश्वास ठेवेल? मामावर. आणि पुढे कधी त्याच शिक्षकांनी एमडीबद्दल, म्हणजे मेफेड्रोन नावाच्या नशेबद्दल काही सांगितलं, जे शब्दशः खरं आहे, तर तेही तो त्याच हिशेबात टाकून देतो.

मग खरं सांगायचं म्हणजे कसं? ‘एकदा घेतलं की सुटका नाही’ हे वाक्य घेऊ, कारण ते आपण सगळेच सहज बोलून जातो. अमेरिकेत १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत विचारलं होतं की आयुष्यात एकदा तरी एखादा पदार्थ घेतलेल्यांपैकी किती जण पुढे त्याच्या आहारी गेले. उत्तरं अशी आली: तंबाखू सुमारे ३२ टक्के, हेरॉइन २३ टक्के, कोकेन १७ टक्के, दारू १५ टक्के, गांजा ९ टक्के. म्हणजे हेरॉइन घेतलेल्या शंभरांतले ७७ जण आहारी गेले नाहीत. हा आकडा ऐकून अनेकांना भीती वाटते, मुलांना हे सांगायचं कसं? मला तो आकडा ठणकावून सांगावासा वाटतो. चारातला जवळजवळ एक, आणि त्या चारांत आपण कुठे असू हे घेण्याआधी कळायला काही मार्ग नाही. घरात आधीच कुणाला व्यसन असेल, वय १५-१६ असेल, मन खचलेलं असेल, तर पारडं आणखी झुकतं. ‘सगळेच संपतात’ हे खोटं पहिल्याच मित्राकडे पाहून उघडं पडतं. ‘चारातला एक’ हे खरं तसं उघडं पडत नाही. त्याचा चौथा मित्र ते रोज दाखवत असतो.

त्याच तक्त्यात तंबाखू सर्वांत वर आहे, हेही मुलांना सांगावं. पानटपरीसमोर उभं राहून हेरॉइनवर भाषण देणाऱ्या मोठ्यांना ते आवडणार नाही.

टक्केवारीची दुसरी बाजूही समजून घेतली पाहिजे, कारण अर्धवट खरंही घात करतं. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. आकडा खोटा नव्हता. सात हजार बायकांमध्ये जिथे एकीला गुठळी व्हायची, तिथे दोघींना होत होती. पण लोकांपर्यंत ‘दुप्पट’ एवढंच गेलं. हजारो बायकांनी घाबरून गोळ्या बंद केल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. ‘दुप्पट’, ‘पाचपट’ असे शब्द कानावर आले की लगेच विचारावं, कशाच्या? हजारांत एक होते त्याचे दोन झाले की दहांत एक होता त्याचे दोन झाले?

गांजाच्या बाबतीत हा प्रश्न रोज लागू पडतो. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये मुख्यतः युरोपातल्या शहरांचा एक मोठा अभ्यास आला. रोज जहाल गांजा ओढणाऱ्यांमध्ये, कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत, मनोविकृतीच्या, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या आजाराच्या, पहिल्या झटक्याची शक्यता जवळपास पाचपट दिसली. न ओढणाऱ्यांमध्ये हा आजार मुळात विरळा असल्याने रोज ओढणाऱ्या बहुतेकांनाही तो होत नाही. मामा ठणठणीत आहे तो म्हणूनच. पण ज्याच्या घरात भावाला किंवा आईला स्किझोफ्रेनिया आहे, त्याच्यासाठी मामाचं उदाहरण कुचकामाचं आहे. ‘गांजा काय, झाडच तर आहे, शंकराचा प्रसाद’ असं म्हणणारे त्या पोराला दिलासा देत नाहीत, खड्ड्यात ढकलतात. धोका कमी करून सांगणंही खोटंच आहे, आणि नशेच्या बाजूने बोलणारी तरुण मंडळी ते सर्रास करतात.

चांगल्या हेतूने दिलेला सल्लासुद्धा अर्धा राहिला तर जीव घेतो. नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये एक्स्टसी घेऊन रात्रभर नाचणारी मुलं अंग तापून कोसळत होती. त्यावर सल्ला पसरला, ‘भरपूर पाणी प्या’. १९९५ मध्ये एसेक्समध्ये १८ वर्षांची एक मुलगी वाढदिवसाच्या पार्टीत गोळी घेतल्यानंतर दीड तासात सात लिटरच्या आसपास पाणी प्यायली. एमडीएमएमुळे शरीर पाणी बाहेर टाकत नाही. रक्तातलं सोडियम घसरलं, मेंदूला सूज आली आणि ती गेली. देशभर लागलेल्या फलकांवर एका गोळीने बळी घेतला असं होतं. पाण्याचं कुठेच नव्हतं. खरा सल्ला थोडा लांब आहे. नाचत असाल तर तासाला अर्ध्या लिटरच्या आत, घोट घोट, आणि मधूनमधून थंड जागी बसा. नाचत नसाल तर त्याहून कमी. लांब आहे म्हणून तो टाळायचा नसतो. गोव्यात डिसेंबरच्या पार्ट्यांना जाणाऱ्या मुलांना आजही अर्धाच माहीत असतो.

मेफेड्रोनचं, म्हणजे आपल्याकडच्या एमडीचं, वेगळंच. मार्च २०१० मध्ये इंग्लंडच्या स्कन्थॉर्प गावात दोन तरुण दगावले. मेफेड्रोनचे बळी म्हणून ठळक बातम्या आल्या आणि एप्रिलमध्ये त्या पदार्थावर बंदी आली. नंतर तपासणीत निघालं की त्यांच्या शरीरात मेफेड्रोन नव्हतंच. घात केला होता मेथडोनने. मेथडोन हे अफूच्या कुळातलं औषध, श्वास मंदावणारं, आणि त्याच्यावर उतारा आहे. चुकीच्या पदार्थाचं नाव घेतल्याने योग्य इशारा त्या वेळी कुणालाच मिळाला नाही. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यासह ठिकठिकाणी छापे घालून दीड हजार किलोहून जास्त मेफेड्रोन पकडलं. बातम्यांत किलो आणि कोटी भरभरून होते. एमडीचा असर लवकर ओसरतो म्हणून माणूस रात्रभर पुन्हा पुन्हा घेत राहतो, दोन-तीन रात्री झोप नाही, मग कुणीतरी मारायला येतंय असा संशय, छातीत धडधड, अंग तापलेलं, आणि याच्यावर उताऱ्याचं इंजेक्शन नाही, रुग्णालयात नेऊन शांत आणि थंड ठेवणं हाच उपाय, हे वाचायला क्वचितच मिळालं. ज्या आईच्या घरात मुलगा तीन रात्री जागा आहे, तिला कोटींचा काय उपयोग?

आता थोडं लहान मुलांबद्दल, कारण त्यांच्याबद्दल सगळ्यांत कमी बोललं जातं. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या, २०१९ मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीत एकच प्रकार असा सापडला की जो मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आहे. तो म्हणजे हुंगायची नशा: सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर. १० ते १७ वयात १.१७ टक्के, मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के. रेल्वे स्टेशनच्या कडेला फडका नाकाशी धरून बसलेली पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. या वाफांनी हृदय इतकं हळवं होतं की अचानक दचकलं किंवा पळावं लागलं तर त्याचा ठोका बिघडून पोर जागच्या जागी कोसळू शकतं, अगदी पहिल्याच वेळीही. म्हणून हुंगणारं मूल दिसलं तर ओरडत धावून जायचं नाही, पाठलाग करायचा नाही. शांतपणे जवळ जायचं, मोकळ्या हवेत बसवायचं, थोडा वेळ पळू द्यायचं नाही. हे ज्ञान त्या मुलापेक्षा पोलिसाला, तिकीट तपासनीसाला आणि शिक्षकाला जास्त हवं. काठी घेऊन मागे लागणारा माणूस त्या मुलाचं भलंच करायला निघालेला असतो, म्हणून तर त्याला हे कुणीतरी सांगायला हवं.

जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल वासाने कळत नाही, चवीने कळत नाही, पेटवून ज्योतीच्या रंगावरून ओळखायची पद्धतही भरवशाची नाही. शरीरात त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड होतं, मग फॉर्मिक आम्ल. मारतं ते आम्ल, आणि डोळ्यांची नसही तेच जाळतं. या सगळ्याला बहुधा १२ ते २४ तास लागतात. सोबत साधी दारू पोटात असेल तर आणखी उशीर, कारण शरीर आधी साधी दारू पचवायला घेतं. म्हणून रात्री पिऊन नीट घरी आलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणतो, डोळ्यांपुढे धुकं आलंय, पोटात कळ येतेय. घरच्यांना वाटतं, कालची उतरली नाही. लिंबूपाणी देतात आणि झोपू देतात. त्या झोपेत डोळे जातात, माणूस जातो. रुग्णालयात उपाय असतात: फोमेपिझोल, ते नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं शुद्ध इथेनॉल, आणि डायलिसिस. जितकं लवकर, तितकं जास्त वाचतं.

अशा वस्तीत पहिला रुग्ण सापडला त्या संध्याकाळी ‘दारू पिऊ नका’ हा फलक काही कामाचा नाही. दारू कालच पोटात गेलेली असते. रिक्षावर भोंगा लावून सांगायचं ते असं: काल-परवा ज्यांच्यासोबत प्यायलात त्यांतला एकजण जरी आजारी पडला असेल, तर तुम्हाला काहीही होत नसलं तरी आत्ता रुग्णालयात चला. धुकं दिसायची वाट पाहू नका. आणि हे सांगताना पोलीस पकडणार नाहीत, याची खात्री भोंगेवाल्याला देता आली पाहिजे. नाहीतर माणसं दार लावून घरात बसतील.

महाराष्ट्रात तपासणीची सोय नाही असं नाही. सांताक्रूझजवळ कालिन्याला न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, जप्त माल तिथे तपासला जातो. पण अहवाल तयार होतो खटल्यासाठी. एखाद्या मालात अनपेक्षित घातक रसायन निघालं तर ते आरोग्य विभागाने दोन दिवसांत जाहीर करावं, ही मागणी मला अजिबात अवघड वाटत नाही. पुरावा न्यायालयातच राहील. लोकांना फक्त रसायनाचं नाव, ते कुठल्या रूपात फिरतंय आणि लक्षणं काय, एवढं कळायला हवं.

आणि आता या लेखात मला सगळ्यांत जास्त जे सांगायचं आहे, ते. गर्द, हेरॉइन किंवा अफूच्या कुळातल्या गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी सगळ्यांत धोक्याचा काळ कुठला? व्यसन टिपेला असतानाचा, असं घरच्यांना वाटतं. आकडे वेगळं सांगतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या तीस हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, ओव्हरडोसने मरण्याचा त्यांचा धोका बाकीच्या लोकांच्या १२९ पट होता.

कारण सोपं आहे. रोज घेणाऱ्या शरीराला मोठ्या डोसचा सराव झालेला असतो. रोज पन्नास किलोचं पोतं उचलणारा हमाल तीन महिने खाटेला खिळला आणि उठल्याबरोबर तेच पोतं उचलायला गेला, तर काय होईल? व्यसनमुक्ती केंद्रातून, तुरुंगातून किंवा गावाकडे राहून आलेल्या माणसाचं तेच होतं. सराव गेलेला असतो, आठवण मात्र जुन्या डोसचीच असते. एका वाईट संध्याकाळी तो तेवढंच घेतो, आणि तेवढ्याने श्वास थांबतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर आणखी लवकर.

केंद्रातून घरी सोडताना पेढे वाटतात, शुभेच्छा देतात. ते हवंच. पण त्याच वेळी ही गोष्ट तोंडाने सांगणारे फार कमी. भीती अशी असते की सांगितलं तर त्याला पुन्हा घ्यायची परवानगीच दिल्यासारखं होईल. मला हा युक्तिवाद पटत नाही. रिलॅप्स, म्हणजे सुटलेली नशा पुन्हा सुरू होणं, हा या आजाराचा भाग आहे असं हीच केंद्रं वर्गात शिकवतात. मग त्या रिलॅप्समध्ये मरायचं कसं नाही, हे शिकवायला हरकत कसली?

सोडताना हाती एक कागद द्यावा, पेशंटच्या आणि त्याच्या आईच्या किंवा बायकोच्याही. त्यावर लिहावं: तू घेऊ नयेस असंच आम्हा सगळ्यांना वाटतं. तरी कधी पाय घसरला, तर जुना डोस आता तुझ्यासाठी विष आहे. एकट्याने, आतून कडी लावून घेऊ नकोस. दारू किंवा झोपेची गोळी त्यात मिसळू नकोस.

आणि घरच्यांसाठी: हाक मारली, छातीच्या मधल्या हाडावर बोटांच्या गाठींनी जोरात चोळलं तरी जाग येत नाही, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली आहे, ओठ किंवा नखं निळसर-राखाडी दिसतात, श्वास अगदी मंद आहे, तर ती झोप नव्हे. विशेषतः घोरण्याकडे लक्ष द्या. खोल, घशात अडकल्यासारखं, थांबून थांबून येणारं घोरणं हे श्वासाची वाट बंद होत चालल्याचं लक्षण आहे. कित्येक घरांत ‘आज गाढ झोपलाय, बरं झालं’ म्हणून दार ओढून घेतलं जातं. १०८ ला फोन करा. ‘श्वास थांबतोय’ हे पहिलं वाक्य सांगा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या. फोनवरचे लोक सांगतील तसं करा. दूध, मिठाचं पाणी, कॉफी काही पाजू नका, थंड पाण्याखाली धरू नका.

डॉक्टरांना खरं सांगा की त्याने काय घेतलं. नॅलॉक्सोन नावाचं इंजेक्शन अफूच्या कुळातल्या नशेचा असर काही मिनिटांत उतरवतं. त्याची स्वतःची नशा होत नाही. एमडी, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांवर मात्र ते चालत नाही. त्याचा असर साधारण अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, आणि हेरॉइन किंवा गोळ्या तोवर अंगात उरलेल्या असू शकतात. म्हणून डोळे उघडून ‘मला घरी जायचंय’ म्हणाला तरी लगेच नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं आहे की ओव्हरडोस ज्यांच्या डोळ्यांदेखत होऊ शकतो अशा कुटुंबीयांच्या हाती हे औषध असावं. स्कॉटलंडने २०११ पासून तुरुंगातून सुटणाऱ्यांना ते सोबत द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे ते रुग्णालयाच्या कपाटात असतं. घरापर्यंत ते पोचवायला हवं, आणि त्यासाठी डॉक्टरांच्या संघटनांनी बोलायला हवं.

पोलिसांबद्दलही त्या कागदावर खरंच लिहावं. रुग्णालय पोलिसांना कळवू शकतं. अमली पदार्थांबद्दलच्या एनडीपीएस कायद्यात हेरॉइनच्या सेवनाला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. त्याच कायद्याच्या ६४-अ कलमाखाली, स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जाऊ शकतं. हे सगळं माहीत असूनही १०८ ला फोन करायचा. खटल्याला वकील देता येतो. उपचार कुठे मिळतील हे विचारायला १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदत क्रमांक आहे, फुकट आहे, आणि तो फोन पेशंटनेच करायला हवा असं नाही; आई, बायको, मित्र, कुणीही करू शकतं.